जर्मनीत एमएस: गोव्यातून अर्ज करताना फाईल कुठे अडते आणि आधी काय हातात घ्यावं

फोंड्याच्या एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, सीजीपीए ७.३, सध्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. पुढच्या वर्षीच्या हिवाळी सत्रासाठी जर्मनीला जायचं आहे. एजंट म्हणतो, चार महिन्यांत सगळं करून देतो. घर आजोबांच्या नावावर आहे, त्यावर कर्ज मिळेल का? व्हिसा नाकारला जाण्याची भीती किती?

तुमचा प्रश्न व्हिसाचा वाटतो, पण व्हिसाची मुलाखत किंवा फॉर्म हा यातला सोपा भाग आहे. गोव्याहून जाणाऱ्या मुलांच्या फायली बहुतेक वेळा तीन ठिकाणी रेंगाळतात: नावाचं स्पेलिंग, विद्यापीठाकडून मिळायचे कागद आणि घराचा मालकी हक्क. तिन्ही गोष्टी इथल्याच, आणि तिन्हींना लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो. म्हणून चार महिन्यांचं आश्वासन बाजूला ठेवा. आता ऑगस्ट आहे. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरला मुलगा वर्गात बसायचा असेल तर वेळ पुरेसा आहे, पण उगाच घालवण्याइतका नाही.

सुरुवात पासपोर्टपासून करा. पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीचं प्रमाणपत्र आणि जन्मदाखला एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर न अक्षर ताडून पाहा. गोव्यात ही भानगड जास्त आहे, कारण जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या. आजोबा ‘नाईक’ हे शेवटी क्यू-यू-ई लावून लिहायचे, वडील साधं के लावतात, मुलाच्या शाळेत तिसरंच काहीतरी चढलेलं. देसाईत एस एक की दोन, हा तर नेहमीचा घोळ. आडनाव आधी की नाव आधी, एवढाच फरक असेल तर घाबरू नका. गुणपत्रिकेवर ‘आडनाव, नाव, वडिलांचं नाव’ आणि पासपोर्टवर उलट क्रम, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अडतं ते अक्षर वेगळं असलं की, वडिलांचं नाव एका कागदावर असून दुसऱ्यावर गाळलेलं असलं की, किंवा पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असला की.

एका अक्षराचा फरक असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र बहुधा चालून जातं. आडनावच वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. गोव्यात नाव बदलायची रीत १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याने ठरलेली आहे आणि त्या कामाला महिने लागतात. शक्य असेल तर नाव बदलण्याच्या फंदात न पडता चुकीचा कागद दुरुस्त करून घ्या: शाळेची चूक गोवा शालांत मंडळाकडे, पदवीची विद्यापीठाकडे. कोणता कागद धरायचा आणि कोणता बदलायचा, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. जास्तीत जास्त कागदांवर जे नाव आहे ते खरं माना आणि उरलेले त्याच्याकडे वळवा, मग बदलावा लागणारा कागद पासपोर्टच का असेना.

आईच्या नावाकडेही बघा. आपल्याकडे बऱ्याच बायकांच्या कागदांवर माहेरचं नाव असतं आणि बँकेत सासरचं. कर्जात आई सहअर्जदार असेल किंवा तिच्या खात्यातून पैसे जाणार असतील तर हे आधी जुळवून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवला की निम्मे प्रश्न मिटतात.

गोव्याचा म्हणून आणखी एक मुद्दा. घरातल्या कोणाची, आणि त्या ओघात मुलाची, जन्मनोंद लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या नोंदणी कार्यालयात, झाली आहे का, हे विचारून घ्या. मुलगा पोर्तुगीज नागरिक ठरत असेल तर युरोपीय संघाचा नागरिक म्हणून त्याला जर्मनीचा व्हिसाच लागत नाही. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, आणि भारतीय पासपोर्ट वापरणं अडचणीचं होतं. व्हिसा अर्जात दुसऱ्या नागरिकत्वाचा प्रश्न असतो. तिथे काही लपवू नका. अर्धवट झालेली नोंद असेल तर अर्जाच्या आधी या विषयातल्या वकिलाला भेटा.

आता विद्यापीठाचे कागद. ट्रान्स्क्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या एकत्र दाखल्यासाठी, ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात अर्ज आत्ताच करा, चवथीच्या सुट्या लागण्याआधी. ट्रान्स्क्रिप्टबरोबर आणखी दोन गोष्टी मागा, ज्या बहुतेक मुलं विसरतात. पहिली, सगळ्या सत्रांच्या अभ्यासक्रमाची कॉलेजच्या सही-शिक्क्याची प्रत. जर्मन विद्यापीठं नुसती पदवी बघत नाहीत. गणिताचे इतके क्रेडिट, थर्मोडायनॅमिक्सचे इतके, मशीन डिझाइनचे इतके, असा हिशेब करतात. तो हिशेब तुमच्या अभ्यासक्रमातूनच मांडायचा असतो. दुसरी, उत्तीर्ण होण्यासाठी किमान ग्रेड पॉइंट किती, हे सांगणारं पत्र किंवा गुणपत्रिकेच्या मागचं ग्रेडिंगचं पान.

हे दुसरं का, ते आकड्यांत पाहा. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यात बदलायला बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान यांतल्या फरकाने भागा, तीनने गुणा, त्यात एक मिळवा. तुमच्या मुलाचे १० पैकी ७.३. पास होण्याची किमान पातळी ४ धरली तर जर्मन श्रेणी येते २.३५. किमान ५ धरली तर २.६२. बऱ्याच अभ्यासक्रमांची अट ‘२.५ किंवा त्याहून चांगली’ अशी असते. म्हणजे एका पानाअभावी कोणी किमान ५ धरलं तर मुलगा दाराबाहेर. ते पान अर्जाला जोडलेलं असलं की अंदाजाला जागा राहत नाही.

कागद हाती आले की एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीचं हे कार्यालय तुमच्या शैक्षणिक कागदांची सत्यता तपासतं. शुल्क १८,००० रुपये, नोंदणी ऑनलाइन. किती आठवडे लागतील ते गर्दीवर अवलंबून असतं. उन्हाळ्यात सगळे एकदम धावतात, म्हणून ऑक्टोबरातच अर्ज टाकून मोकळं व्हा. प्रमाणपत्राला मुदत नसते, त्यामुळे लवकर काढून तोटा काहीच नाही. पुष्कळ विद्यापीठं ते प्रवेशाच्या अर्जासोबतच मागतात. नोंदणी करताना नाव पासपोर्टप्रमाणे भरायचं, आणि इथेच वरची नावांची दुरुस्ती कामाला येते. एजंट ‘ॲपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करून घ्या’ म्हणून वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. विद्यार्थी व्हिसासाठी कागदांची पडताळणी एपीएसमार्फतच होते.

इंग्रजी अभ्यासक्रमाला आयईएल्टीएस द्यावी लागेल. साधारणपणे ६.५ बँड मागतात, निकाल दोन वर्षं चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात देऊन टाका. जर्मन भाषा प्रवेशाला लागत नसली तरी ए-१, ए-२ पर्यंत शिकायला लावा. उपयोग व्हिसापेक्षा तिथे अर्धवेळ काम शोधताना होतो.

विद्यापीठ निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे एजंटचं बोलणं आपोआप समजेल. सरकारी विद्यापीठं बहुतेक राज्यांत शिकवणीची फी घेत नाहीत, फक्त दर सत्राला शंभर ते साडेतीनशे युरोंच्या आसपास वर्गणी घेतात. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य २०१७ पासून बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली आहे. सरकारी विद्यापीठांकडून एजंटला कमिशन सुटत नाही. ते सुटतं खाजगी संस्थांकडून, जिथे फी वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढेही जाते. त्यामुळे ‘चार महिन्यांत हमखास प्रवेश’ हे वाक्य ऐकलं की संस्था कोणती, ते आधी विचारा. खाजगी म्हणजे वाईटच असं नाही, पण राज्याची मान्यता आहे की नाही ते तपासल्याशिवाय एक पैसा भरू नका. ७.३ ला सरकारी ठिकाणी जागा मिळू शकते. फक्त सगळे अर्ज नावाजलेल्या ठिकाणी करू नका. उपयोजित विज्ञान विद्यापीठं, ज्यांना तिकडे होखशूल म्हणतात, मेकॅनिकलवाल्यांना उत्तम. नोकरीचा अनुभव तिथे जास्त मोजला जातो.

शेवटच्या तारखा विद्यापीठागणिक वेगळ्या. ‘१५ जुलै’ हे सगळीकडे ऐकू येतं, पण बिगर-युरोपीय विद्यार्थ्यांसाठी मास्टर्सच्या तारखा मार्च ते मे दरम्यानही संपतात. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तांत्रिक विद्यापीठाची १ मार्च असते. १५ जुलैवाल्या ठिकाणी प्रवेशपत्र ऑगस्टमध्ये हाती आलं तर व्हिसाला वेळच उरत नाही, म्हणून मला लवकरच्या तारखांची विद्यापीठं बरी वाटतात. यूनी-असिस्टमार्फत (बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी सामाईक संस्था) अर्ज असेल तर पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. शेवटच्या तारखेच्या निदान आठ आठवडे आधी कागद त्यांच्याकडे पोचू द्या, म्हणजे काही कमी असलं तर ते कळवायला आणि तुम्हाला भरून काढायला अवधी राहतो.

आता पैसे, तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. जर्मनीत फीपेक्षा राहण्याचा खर्च दाखवायचा असतो, तोही गोठवलेल्या खात्यात, ज्याला ब्लॉक्ड अकाउंट म्हणतात. सध्याची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. ही रक्कम अधूनमधून वाढते, म्हणून पैसे पाठवायच्या आठवड्यात वाणिज्य दूतावासाच्या पानावर एकदा बघा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर हे सुमारे १२ लाख. विमान, विमा, पहिल्या महिन्याचं भाडं आणि अनामत मिळून आणखी दोन-अडीच लाख हाताशी हवेत. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र इथे पुरत नाही. रक्कम प्रत्यक्ष त्या खात्यात जमा झालेली दिसायला हवी.

आजोबांच्या नावावरच्या घरावर कर्ज मिळेल का? सध्या आहे त्या स्थितीत बहुधा नाही. बँकेचा वकील हक्काची साखळी बघतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातली जमिनीची हक्कनोंद) किंवा शहरात असाल तर सिटी सर्व्हेच्या डी फॉर्मवर आजोबांचं नाव, आणि वारस पाच-सहा, म्हणजे वाटणी झाल्याशिवाय तारण नाही. घरपट्टीची पावती पंचायतीची असली तरी तिने मालकी सिद्ध होत नाही. आजोबा हयात नसतील तर इन्व्हेंटरी प्रोसीडिंग, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घेण्याची प्रक्रिया, करावं लागतं, आणि ते कोर्टाचं काम, मुलाच्या प्रवेशाच्या वेळापत्रकात बसणारं नाही. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक संस्थेची) असेल किंवा घरावर मुंडकाराचा (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) हक्क असेल तर गुंता आणखी वाढतो. तुमच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता असली तरी गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक असते, म्हणून गहाणखतावर दोघांची सही लागणारच.

यावर माझा सल्ला घर विसरून जाण्याचा आहे. गरज १२ ते १५ लाखांची आहे, ३०-४० लाखांची नाही. राष्ट्रीयीकृत बँका साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, पालक सहअर्जदार लागतो. तेवढं कर्ज आणि उरलेलं बचतीतून, असं जमत असेल तर तोच सगळ्यात सरळ रस्ता. जास्त हवं असेल तर मुदत ठेव किंवा एलआयसीची पॉलिसी तारण द्या, त्यांची कागदपत्रं दोन दिवसांत होतात. बिगर-बँकिंग वित्तसंस्था तारणाशिवाय मोठी रक्कम देतात, पण व्याज चढं असतं. तो पर्याय शेवटी ठेवा. गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजनाही आहे. तिथे अर्ज करण्याआधी पैसे कशासाठी आणि कोणाच्या नावे सुटतात ते विचारून घ्या, कारण तुमच्या मुलाचा खर्च फीचा नाही, राहण्याचा आहे.

बँकेकडे प्रवेशपत्र आल्यावर जायचं अशी समजूत आहे. ती सोडा. जानेवारीतच शाखेत जाऊन ‘ब्लॉक्ड अकाउंटमध्ये रक्कम सोडता का’ हा एकच प्रश्न विचारा. काही शाखांना फक्त विद्यापीठाच्या नावे फी पाठवायची सवय असते, आणि हे त्यांना समजावण्यात महिना जातो.

पैसे पाठवताना दोन खाचखळगे आहेत. मधली परदेशी बँक आपले वीस-तीस युरो कापून घेते, खात्यात ११,९०४ ऐवजी ११,८८० पोचतात, आणि तेवढ्यावरून खात्याचं पुष्टिपत्र निघत नाही. म्हणून बँकेत परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ भरताना सगळा खर्च पाठवणाऱ्यावर टाका आणि वर पन्नासेक युरो जास्त पाठवा. खातं उघडून देणाऱ्या कंपनीचं शुल्क वेगळं असतं, तेही हिशेबात धरा. दिलेला संदर्भ क्रमांक चुकला तर पैसे आठवडाभर अधांतरी राहतात. दुसरं टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. स्वतःच्या पैशातून पाठवत असाल तर एका पॅनवर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही, पुढच्या रकमेवर आहे. आई-वडील दोघांच्या खात्यांत पैसे असतील तर विभागून पाठवा. कापला गेलाच तर आयकर विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही.

आता व्हिसा. गोवा मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतं. मुलगा वेर्ण्यातच राहिला तर प्रश्न नाही. मध्येच बदली होऊन बंगळुरूला गेला तर अखत्यारी राहत्या पत्त्याप्रमाणे बदलू शकते, तेव्हा अर्जाच्या आधीचे काही महिने पत्ता हलवू नका. अर्ज ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, कागद चढवायचे, आणि बोलावतील तेव्हा मूळ कागद आणि बोटांचे ठसे द्यायला जायचं. शुल्क ७५ युरो, रुपयांत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवेशपत्र आलं की त्याच आठवड्यात अर्ज करा. निकालाला काही आठवड्यांपासून तीनेक महिनेही लागतात.

नकाराची भीती विचारलीत. पैसे गोठवलेले, एपीएस हातात, सरकारी विद्यापीठाचा प्रवेश, एवढं असलं की बाकी राहतं ते प्रेरणापत्र, म्हणजे हाच अभ्यासक्रम का हवा हे सांगणारं मुलाचं पत्र. नकार येतो तो ‘हा खरंच शिकायला चालला आहे का’ या शंकेतून, आणि ती शंका बहुधा इंटरनेटवरून उचललेल्या पत्रामुळे येते. ‘जर्मनी ही अभियांत्रिकीची पंढरी आहे’ असली वाक्यं काढून टाका. त्याऐवजी विद्यापीठाच्या मॉड्यूल-हँडबुकमधले (विषयांच्या माहितीपुस्तिकेतले) दोन-तीन विषय नावानिशी घ्या आणि ते त्याच्या वेर्ण्यातल्या कामाशी जोडा. पॅकेजिंग लाइनची देखभाल करत असेल तर ऑटोमेशनचा विषय का हवा, ते दोन ओळींत सांगा. नोकरीचा अनुभव-दाखला जोडा, म्हणजे पदवीनंतरचा काळ रिकामा दिसत नाही. मेकॅनिकलवरून एकदम मॅनेजमेंटकडे उडी मारत असाल तर कारण पटेल असं द्या.

पूर्वी नकारावर दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करता येई. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली आहे. आता नव्याने अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, एवढेच मार्ग. विद्यार्थ्याला दावा परवडत नाही. म्हणून पहिला अर्जच पूर्ण असू द्या, घाईने अर्धवट कागद चढवू नका.

विम्याचं थोडक्यात: विद्यापीठात नावनोंदणी झाली की तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवासी विमा घ्यावा लागतो. अर्धवेळ कामाला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस परवानगी आहे, पण पहिल्या वर्षाचा खर्च कामावर टाकून बेत आखू नका. आणि प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहासाठी अर्ज करा. खोली नाही तर पत्त्याची नोंदणी नाही, आणि ती नसली की तिथला निवास परवाना पुढे सरकत नाही.

यापुढचं नेमकं सांगायला मला चार गोष्टी लागतील: पासपोर्टवर आणि पदवीवर नाव कसं लिहिलं आहे (खरं आडनाव इथे टाकू नका, फरक तेवढा सांगा), गुणपत्रिकेच्या मागे किमान ग्रेड पॉइंट किती आहे, एजंटने सांगितलेली संस्था सरकारी आहे की खाजगी, आणि कर्जाशिवाय तुम्ही स्वतः किती रक्कम उभी करू शकता. पहिल्या दोन गोष्टी आज रात्रीच कपाटातून काढून बघता येतील.